चौदाव्या होलचा खळगा

"अरे, मार की आता! वारा पडायची वाट बघत बसलास, तर घरी माझं सूप थिजून जाईल," फावड्यावर रेललेला टॅम रेटरी म्हणाला. तो या गोल्फच्या मैदानाचा माळी आणि वॉल्टर ड्यूगिडचा जुना सोबती.

वारा पडल्यावरच वॉल्टर वाकला. चिमूटभर ओल्या वाळूची लहानशी रास करून त्याने तिच्यावर झाडाच्या वाळलेल्या चिकाचा, म्हणजे गुटापर्चाचा, आपला जुना टणक चेंडू ठेवला. तारुण्यात याच जागेवरून मारलेला त्याचा सर्वोत्तम फटका जिथे पडला, तिथेच त्याने, हे मैदान आखताना, कमी पडलेला चेंडू अडकावा म्हणून समोरचा वाळूचा खोल खळगा खणवला होता. आपल्याला जमते त्याहून अधिक कोणाला जमणार, ही त्या वयाची धारणा. त्याच मापाने त्याने अठराही होल आखली. पुढे किनाऱ्यावरच्या अनेक क्लबांनी त्याला सन्मानाने बोलावून नेले, आणि सर्वत्र त्याने आपल्याच बाहूंचे माप भूमीवर उमटवले.

आता रबरी धाग्याचा, कितीतरी लांब जाणारा नवा चेंडू आला होता. गेल्या आठवड्यात बँकेतल्या एका कारकुनाने हा खळगा हसत हसत ओलांडला. दुसऱ्याच दिवशी क्लबचे कॅप्टन मेजर पिटकेर्न वॉल्टरच्या चेंडू-काठ्यांच्या दुकानाच्या दारात उभे राहिले.

"ड्यूगिड, जुने खळगे बुजवून पुढे नवे खणायला हवेत. तू करतोस, की एडिंबरोहून कुणी तरुण बोलावू? तुझा मान म्हणून आधी तुला विचारतोय."

त्या रात्री जेवण झाल्यावर त्याने बायकोला, एल्स्पेथला, सांगितले. बशी पुसता पुसता ती म्हणाली, "परक्यानं येऊन तुझं मोडावं, त्यापेक्षा तूच मोड. निदान नीट मोडशील."

आता वॉल्टरने फटका मारला. चेंडू खळग्याच्या बराच अलीकडे पडला.

"वारा होता," टॅम म्हणाला.

"नव्हता."

टॅमने खिशातून रबरी चेंडू काढला. "हा घे. इथं कोण बघतंय?"

वॉल्टरने तो काही वेळ तळहातावर तोलला, मग वाळूवर ठेवून मारला. चेंडू उंच गेला आणि नेमका खळग्यात उतरला.

"बघ!" टॅमने टोपी उडवली. "म्हातारा झालास म्हणे! मनगटात जोर आहे अजून!"

"तो जोर माझा नाही, टॅम. रबराचा आहे."

नव्या खळग्याची जागा दाखवायची, कमरेला खोचलेली खुंटी त्याने काढली आणि खेळायची काठी घेऊन तो चालू लागला. खळगा मागे पडला. जिथे त्याचा एकही चेंडू आजवर पोचला नव्हता, तिथेही तो थांबला नाही. आणखी बरेच पुढे जाऊन मग तो थबकला. तिथून मागे वळून पाहताना स्वतःचे मैदान त्याला परके भासले.

"बास की रे!" टॅम लांबून ओरडला. "इतक्या लांब कोण मारणार आहे?"

"येईल कुणीतरी," वॉल्टर पुटपुटला. ते टॅमपर्यंत पोचले नाही. त्याने खुंटी ठोकली.

परतताना तो खळग्यात उतरला. उद्या सकाळी टॅमची माणसे तो मातीने भरणार होती. वॉल्टरने वाकून चेंडू उचलला, खिशात टाकला. मग पाठमोरा चढत, मागून येणाऱ्या खेळाडूसाठी करायचा रिवाज असतो तसे, त्याने आपल्या पावलांचे ठसे एकेक करून काठीने पुसले आणि वाळू सपाट केली.