कोरं रीडिंग

"सात टेस्ट पास, एक नापास," तेजल म्हणाली आणि कंपनीच्या मालकीण राजेश्वरी मॅडमनी चक्क टाळी वाजवली. नापासाला कसली टाळी, असं त्र्यंबकच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मॅडमचं सगळं लक्ष त्या पोरीकडे.

गुलाबाच्या पॉलिहाऊसमधले फवारे आपोआप चालू-बंद करणारा प्रोग्राम तळेगावच्या या छोट्या कंपनीत त्र्यंबकने दहा वर्षांपूर्वी एकट्याने लिहिला होता. तेव्हा ही बेडसे गावची तेजल शाळेत असेल. नोकरीला लागून दोन महिने झाले नाहीत, तर बाईसाहेब त्याच्याच प्रोग्रामची परीक्षा घ्यायला बसल्या होत्या.

"युनिट टेस्ट म्हणजे फार काही नाही, सर," ती समजावत होती, आणि तेही त्याला! "कोडचा एक छोटा तुकडा घ्यायचा, त्याला एकच प्रश्न विचारायचा आणि हवं ते उत्तर येतंय का बघायचं. मी विचारलं, हवेतल्या ओलाव्याचं रीडिंग कोरं आलं तर? तुमचा कोड कोऱ्याला शून्य धरतो. हवा कोरडी समजून फवारा सोडतो."

"दहा वर्षांत हे कुणालाच सुचलं नाही?" मॅडम म्हणाल्या.

त्र्यंबकच्या अंगाचा तिळपापड झाला. ही टाळी इतक्या वर्षांत त्याच्या वाट्याला एकदाही आली नव्हती. "माझा फवारा आजवर चुकलेला नाही," तो म्हणाला. "विचारा कुणालाही!"

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच विचारायला निघाला. पोरीच्या तोंडावर फेकायला एक साक्ष हवी होती. पवनेकडच्या सगळ्यात जुन्या पॉलिहाऊसमध्ये हिराबाई फुलं काढत होत्या.

"हिराताई, फवारा कधी चुकलाय का हो?"

"चुकतो की! धुकं पडलं की ती ओलावा मोजायची तार भिजती अन् सुटतो फसाफसा. फुलांस्नी बुरशी धरायची. म्हनून मी आधीच येऊन पान्याचा कॉक बंद करून टाकते."

"मग कधी सांगितलं का नाही?"

"तुमी लांबचं मानूस. कॉक तर हाताशीच हाय. घरी लेकीला सांगायची तेवढं. तुमच्याकडंच हाय न्हवं ती, तेजल."

म्हणजे अक्कल पोरीची नव्हतीच, आईकडून ऐकलेलं होतं! त्र्यंबकला मनापासून बरं वाटलं.

"धुक्यात सुट्टी कधी घेतलीच नाही?"

"न्हाई बा. तेजलला कालेजात डिग्री दिली तवाबी धुकंच व्हतं. न्हाई गेले. तुमच्या मशिनीवर टाकून कशी जाऊ?"

त्या सहज बोलल्या, रागाने नाही.

ऑफिसात आल्यावर तो तेजलच्या टेबलाशी उभा राहिला. "मॅडमसमोर आईचं नाव का नाही घेतलंस?"

"आईच म्हणाली, साहेबांना खाली बघायला लागेल."

त्याने खुर्ची ओढली. कोऱ्या रीडिंगला फवारा सुटू नये, एवढं दुरुस्त करायला दोन ओळी पुरल्या आणि नापास टेस्ट पास झाली. मग तिला विचारत विचारत त्याने स्वतःची पहिली टेस्ट लिहिली: रीडिंग भलतंच वाढून आलं तर काय? तीही पास झाली. मॅडमनी पुन्हा टाळी वाजवली ती तेजलसाठीच, आणि पुन्हा त्र्यंबकला झोंबलं. लगेच कसं थांबेल ते?

संध्याकाळी त्याने हिराबाईंना फोन केला. "ताई, आता धुक्यात यायची गरज नाही. पक्कं तपासलंय."

"बरं."

पुढच्या आठवड्यात समोरचं दिसेना इतकं धुकं पडलं. त्र्यंबक पॉलिहाऊसवर पोचला, तर हिराबाई आधीच हजर. कॉक उघडा, पण हात त्यावरच. तार चिंब भिजलेली, पडद्यावर रीडिंग कोरं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. फवारा सुटला नाही.

"बघा, ताई," तो म्हणाला.

"बघतीय की."

कॉकवरचा हात मात्र त्यांनी काढला नाही.