तिसऱ्या श्वासानंतर

अब्बांची लाँड्री बंद होऊन वर्ष लोटले होते, तरी इस्त्रीच्या खोलीचे दार उघडताच वाफेचा तो ओलसर, किंचित करपलेला वास अंगावर आला आणि मी उंबऱ्यावरच लहान झाले.

तेव्हा काम आटोपले की टेबले भिंतीशी सरत, जमिनीवर चादरी अंथरल्या जात आणि जिक्र सुरू होई. उच्छ्वासागणिक सारे एका सुरात अल्लाहचे नाव घेत. अम्मी आणि मी पडद्याआड. तिथून माणसे दिसत नसत. नुसते श्वास, भरती-ओहोटीसारखे.

दर तिसऱ्या श्वासानंतर अब्बा थांबत. त्यांच्यासोबत सारी खोली थांबे. अब्बा मुर्शिद, म्हणजे गुरू; त्यांचे मुरीद, म्हणजे शिष्य, त्या थांबण्याला 'मुक्काम' म्हणत. कुणी म्हणे, तिथे मीपण संपते. कुणी म्हणे, तिथे 'तो' सुरू होतो. पुढे मी इस्पितळात रोग्यांना श्वासाचे व्यायाम शिकवू लागले आणि एका दमेकरी म्हाताऱ्याच्या छातीत मला नेमका तोच मुक्काम ऐकू आला. अब्बांना दमा होता. एवढेच.

"जिक्र आता पोरगी चालवेल," असे अब्बा जाताना मुरीदांना सांगून गेले होते. आज सारे त्याच खोलीत पुन्हा जमले, तेव्हा मी दोनच अटी घातल्या : पडदा नको आणि मुक्काम नको. एका माणसाचे दुखणे नव्या मुलींना इबादत म्हणून कसे शिकवायचे?

पडद्याचे सर्वांनी निमूट मानले. मुक्काम म्हणजे अब्बांचा दमा, असे सांगताच मात्र सुईचाचा उसळले. अब्बांचे सर्वांत जुने मुरीद; धंद्याने शिंपी, जिभेने कात्री.

"दमा? उद्या म्हणशील, नमाजातला सजदा म्हणजे गुडघ्यांचा व्यायाम!"

"चाचा, मी रोज छात्या तपासते."

"तू छात्या तपास. आम्ही माणूस पाहिलाय. मुक्काम गेला तर मीही गेलो समज."

ते उठले असते तर निम्मी खोली उठली असती, आणि अब्बांनी विणलेले माझ्या हातात उसवले असते. तरीही मी सुरुवात केली. पहिला श्वास, दुसरा, तिसरा. आणि न थांबता चौथा. अब्बांना न विचारता घराबाहेर पडावे तसा तो चौथा श्वास मला बोचला.

दोन-तीन आवर्तने झाली असतील. दाराकडून बारीक शीळ ऐकू आली. उठून न जाता दाराशी बसून राहिलेल्या सुईचाचांचा श्वास मागे पडत होता. माझा हात आपोआप वर गेला. सारे थांबले.

"माझ्यासाठी थांबू नकोस," ते धापा टाकत म्हणाले.

"अब्बांसाठी थांबत होतात ना?"

"ते मुर्शिद होते!"

"होते. आणि दमेकरीही होते."

चाचांनी डोळे वटारले. मग त्यांच्या मिशीत काहीतरी हलले.

"म्हणजे आम्ही जन्मभर धापेचे अर्थ लावत बसलो? काय गाढवं!"

खोली खदखदून हसली. हसता हसता चाचांना ठसका लागला. कुणीतरी पाणी दिले. पेला खाली ठेवत ते हळूच म्हणाले, "पण थांबायला बरं वाटायचं गं."

"मलाही," मी म्हणाले. आणि आमच्या दोघांच्या मधली अब्बांची रिकामी जागा प्रथमच नीट दिसली.

आज पहिल्यांदाच आलेल्या एका मुलीने दबकत विचारले, "आता कुठून सुरू करायचं?"

"तिला विचार," चाचा म्हणाले.

"आधी चाचांचा श्वास जागेवर येऊ दे," मी म्हणाले.