साडीच्या चिंध्यांचा दोर

मी दोर बोलतोय. हसू नका, दोरालाही मन असतं, आणि माझं मन सध्या जळतंय.

चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर सुरतेत, लिंबायतच्या एका खोलीत मी जन्मलो. खानदेशातून आलेला हिलाल साड्यांच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होता. तिथे कापून टाकलेल्या कडेच्या चिंध्या त्याने घरी आणल्या, पीळ दिला आणि मला छताच्या कडीला बांधलं, ते बायकोसाठी. मंगलाबाई दिवसभर दार लोटून, ट्यूबलाइटखाली साड्यांचे लोंबते धागे कापायची. एकदा बसली की तिला उठताच येईना. कंबर, मांड्या ठणकायच्या. सगळे म्हणत, वात आहे.

"धर आठे," हिलाल म्हणाला. तिने मला धरलं आणि उठली. तेव्हापासून नळाला पाणी येवो की दूध उतू जावो, तिचा हात आधी माझ्याकडे. मी फुशारून गेलो होतो. पण श्रावणात खोलीत खानदेशची देवी कानबाई बसली, आरतीला सगळे उभे राहिले आणि ती बसूनच राहिली. देवीसमोर दोराला लोंबकळायची तिला लाज वाटली. ते तिच्या फार जिव्हारी लागलं.

मग ती सटवी पुडी घरात आली. डॉक्टरने रक्त तपासून सांगितलं होतं, वात नाही, ड जीवनसत्त्व कमी पडलंय, हाडं मऊ झालीत. आठवड्याला एक पुडी दुधातून, आणि रोज ऊन. चिमूटभर भुकटी ती, ना पीळ ना गाठ! सुरुवातीला काहीच फरक पडेना, तेव्हा मला गुदगुल्या झाल्या. हिलालही म्हणाला, बंद कर. ती ऐकेना. पुडी घेत राहिली, साड्यांचं गाठोडं ओट्यावर उन्हात नेऊ लागली.

पुढच्या श्रावणात पुन्हा कानबाई बसली. आरती सुरू झाली. मी हाताची वाट बघत होतो. मंगलाबाईने गुडघ्यावर तळवा टेकला आणि उठली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हिलालच्या डोळ्यांत पाणी आलं, माझा तिळपापड झाला.

शेजारची कमल म्हणाली, "हाऊ दोर माले दी दे. मन्ही सासूलेबी उठता येत नही."

मी मोहरलो.

"दोर कसाले? पहिले तिले डाक्टरकडे लई जाय," मंगलाबाई म्हणाली.

म्हणजे माझी पुढची नोकरीही पुडीनेच खाल्ली.

आता मी गच्चीवर असतो, ओले कपडे सांभाळत. उन्हाने रंग उडालाय, राग तसाच आहे. तरी बायांनो, उठता येत नसेल तर माझ्यासारख्याला बांधण्याआधी तपासून घ्या.

मंगलाबाई रोज जिना चढून येते, टाचा उंचावून मला खाली ओढते. तेवढा वेळ तिचा हात माझा असतो. पुडी कुठल्या कचऱ्यात पडलीय, मी विचारत नाही.