न वाकलेली मान

हुबळीच्या बाजारात तांब्या-पितळेच्या भांड्यांचं एक दुकान होतं आणि दुकानामागेच राहतं घर. १९६१ सालची गोष्ट. त्या सोमवारी सकाळी रंगूबाई तुळशीला एकशे आठ प्रदक्षिणा घालून आत आल्या. हे व्रत त्यांनी नवरा गेला त्या वर्षीही मोडलं नव्हतं. चुलीपुढे त्यांची सून कमल भाकरी थापता थापता मध्येच थांबून डावा कान दाबत होती. कमल म्हणजे त्यांच्या सख्ख्या भावाचीच मुलगी. लग्नाआधीही ती त्यांना आत्या म्हणायची आणि नंतरही.

"अजून वाहतोय का गं कान?"

"वाहायचा थांबला, आत्या. आता डोकं फुटतंय. अंगही तापलंय."

"लसणीचं तेल घाल दोन थेंब. बायकांनी एवढ्या-तेवढ्याचं धरून बसलं की संसार झाला म्हणायचा."

कमलनं तेल घातलं आणि उरलेल्या भाकऱ्या थापल्या. मंगळवारी अमावास्या होती. त्या दिवशी तिनं ओढ्यावर जाऊन धुणं धुतलं, येताना दोनदा ओकली. घरात कुणी विचारलं नाही. ताप काय, येतो आणि जातो.

बुधवारी तिन्हीसांजेला रंगूबाईंनी देवापुढची निरांजनं तिच्यासमोर धरली. कमलनं तोंड फिरवलं, पदर डोळ्यांवर ओढला.

"नमस्कार कर की."

मान वाकेना. ताठ, लाकडासारखी. थोड्या वेळानं ती नवऱ्यालाच बाप समजून "अप्पा" म्हणून हाक मारू लागली. दुकानातली भांडी आपोआप वाजतायत, थांबवा, म्हणू लागली.

रंगूबाईंनी तबक मागे घेतलं. त्या गल्लीत ही खूण लहान पोरांनाही ठाऊक होती: भुताला दिवा सोसत नाही आणि ते देवापुढं वाकत नाही.

"यशवंता," त्या मुलाला म्हणाल्या, "हे बाहेरचं आहे. अमावास्येला ओढ्यावर गेली होती."

मागच्या गल्लीतली दुर्गव्वा सरकारी इस्पितळात आयाचं काम करी. गुरुवारी कामावर निघताना ती दारात थांबली, कमलच्या मानेखाली हात घालून पाहिला.

"अक्का, इदु देव्व अल्ल. भूत नाही हे, ताप आहे. आमच्या वार्डात अशी मान ताठ झालेली माणसं येतात. आत्ताच्या आत्ता चला."

"तुमच्या वार्डात देव असतो का गं?"

"असतो की. मारत नाही, एवढंच."

रंगूबाईंनी दार लोटलं.

दुपारी मांत्रिक आला. सगळे त्याला बाबाजी म्हणत. त्यानं निखाऱ्यांवर सुक्या मिरच्या टाकल्या आणि कमलचं तोंड धुरावर धरलं. ती गुदमरून लोळू लागली, तेव्हा त्यानं यशवंतला तिचे केस धरायला सांगितले. यशवंतनं बायकोचे केस मनगटाला गुंडाळून घेतले. बाबाजीनं चिंचेचा ओला फोक उचलला.

"तू कोण? बोल."

"मी कमल."

फोक पाठीवर बसला.

"खरं बोल. कुणाची तू?"

"आत्याची."

पुन्हा फोक. पुन्हा तेच विचारणं, पुन्हा तेच उत्तर. चोळी फाटली, पाठीवर रक्ताच्या रेघा उमटल्या. एक फटका कानावर बसला आणि तिचा आवाज चिरकून मध्येच तुटला. भिंतीशी रंगूबाई डोळे मिटून जपाची माळ ओढत होत्या. प्रत्येक फटक्याला एक मणी पुढे सरकत होता.

"आता वाकवतोच मान," म्हणत बाबाजीनं दोन्ही हातांनी तिचं डोकं देव्हाऱ्याकडे दाबलं. मान वाकली नाही. गुडघे मात्र आपोआप पोटाशी ओढले गेले आणि कमलच्या तोंडून असा आवाज निघाला की रंगूबाईंनी डोळे उघडले.

"बघा, पाय आवळले. पळायला बघतंय," बाबाजी म्हणाला.

रंगूबाईंना पाय दिसले नाहीत. त्यांना हात दिसले. कमलचे दोन्ही हात छातीशी जोडलेले होते. फोक पडत होता, केस ओढले जात होते, आणि पोरगी केव्हाची हात जोडून होती.

"मी नमस्कार करतेय हो, आत्या," ती पुटपुटली. "मानच ऐकत नाही."

बाबाजीचा हात वर गेला. रंगूबाई मध्ये शिरल्या. फोक त्यांच्या मनगटावर बसला, कातडी फाटली, माळेचा दोरा तुटून तुळशीचे मणी फरशीभर उडाले.

"खाली ठेवा तो."

"अर्ध्यात सोडलं तर घर खाईल ते, बाई."

"खाऊ दे. यशवंता, केस सोड तिचे. टांगा आण."

इस्पितळात डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "ताप कधीपासून?"

यशवंत म्हणाला, "अमावास्येपासून असेल." रंगूबाईंना सांगताच येईना. भूत कधी लागलं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ताप कुणी मोजला नव्हता. मागून दुर्गव्वाच बोलली, "सोमवारपासून. कान वाहायचा त्याच्याही आधी. मी रोज जाता-येता बघत होते."

डॉक्टरांनी पाठ पाहिली. कान तपासला, मान हलवून पाहिली. मग हलक्या आवाजात म्हणाले, "कानातला पू मेंदूच्या आवरणापर्यंत गेलाय. तापात डोकं असह्य दुखलं, मान वाकेना, उजेड सोसेना, माणूस बरळू लागलं, यातलं एक जरी दिसलं तरी तेव्हाच आणायचं असतं. इथं तास मोजतात, बाई. तुम्ही दिवस घालवलेत, आणि वर हे."

तीन आठवडे इंजेक्शनं चालली. कमल जगली.

ती पहिल्यांदा उशीला टेकून बसली त्या दिवशी रंगूबाई तिच्याजवळ गेल्या. "बाळ, मला क्षमा कर."

कमलनं त्यांच्या ओठांकडे पाहिलं. "काय म्हणालात? मोठ्यानं बोला, आत्या."

त्या मोठ्यानं बोलल्या. आणखी मोठ्यानं. सगळ्या वार्डानं ऐकलं, एका कमलनं ऐकलं नाही. तिचे दोन्ही कान गेले होते.

तेव्हा देवावाचून कुणापुढं न वाकणाऱ्या रंगूबाईंनी मान वाकवली आणि भावाच्या लेकीच्या पावलांवर कपाळ टेकलं. ते कमलला ऐकावं लागलं नाही.

पुढच्या वर्षी एका सकाळी शेजारच्या भरमा शिंप्याच्या घरातून मिरच्यांचा धूर येऊ लागला. रंगूबाई तुळशीपाशी होत्या. एकसष्टावी प्रदक्षिणा चालू होती. त्या थांबल्या. तुळशीला हात जोडले, "तू थांबशील, आई, तो बाबाजी थांबायचा नाही," म्हणाल्या आणि ओलेत्यानंच त्या घरात गेल्या.

भरमा खांबाला बांधलेला होता. बाबाजीनं फोक उगारला होता. रंगूबाईंनी आपलं वण पडलेलं मनगट त्याच्यासमोर धरलं.

"मार. जागा तुला ठाऊक आहे."

फोक हळूहळू खाली आला. रंगूबाईंनी दोर सोडला. भरमाच्या कपाळावर हात ठेवला, दुसरा हात डोक्यामागं घालून त्याची हनुवटी छातीला टेकते का ते अलगद पाहिलं. मग दाराशी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोकडे वळून त्यांनी तो प्रश्न विचारला, जो आपल्या घरात तीन दिवसांत कुणी विचारला नव्हता.

"ताप कधीपासून आहे?"