मेंढ्या राखणाऱ्या मरियेची पाने

मित्रांनो, माझे वय मला विचारू नका. मी जुनी आहे एवढे खरे, पण जुनी म्हणजे किती, ते कसे सांगू? मला पांढरी फुले येतात, जांभळ्या टोपणातून डोकावतात आणि गळून जातात. बी जवळजवळ धरतच नाही. माझी फांदी मोडून कोणी ओल्या मातीत खोचली, तरच मी पुढे जगते. ती नवी फांदी म्हणजेही मीच.

तुमच्या तुळशीशी माझे लांबचे नाते आहे. आम्हा दोघींची दांडी चौकोनी. मी मात्र मेक्सिकोतल्या मासातेक लोकांच्या डोंगरात राहते, जिथे ढग दुपारीच खाली उतरतात. ते मला मेंढ्या राखणाऱ्या मरियेची, म्हणजे येशूच्या आईची, पाने म्हणतात.

या ओढ्याकाठी मला कास्तुलाने लावले. ती गावाची औषधपाणी जाणणारी बाई. आपल्या मामाच्या रानातल्या घळीतून माझी फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून ती दीड दिवस चालत आली आणि कॉफीच्या झुडपांमागे, वाटेवरून दिसणार नाही अशा जागी तिने मला खोचले. काळी माती, सावली आणि पायाशी पाणी, एवढेच मला लागते. उन्हाने मी करपते.

मग कामाची वर्षे आली. ज्याच्या दुखण्याला दवाखान्यात उतार पडत नसे, तो कास्तुलाकडे येई. पान कोणासाठी, त्याचे नाव काय, दुखते कुठे, हे ती आधी विचारी. मग माझ्यापाशी येऊन ते नाव सांगे आणि जोडीजोडीने पाने खुडी. पोटुशी बाई, दारू प्यालेला, ज्याचे मन आधीच थाऱ्यावर नाही असा माणूस, यांना ती परत पाठवी. आजारी माणूस अंधाऱ्या, गप्प खोलीत ती कडू पाने चावी, आणि तो पुरता भानावर येईपर्यंत कास्तुला त्याच्या शेजारून हलत नसे.

त्यांना काय दिसे? एक म्हातारा म्हणाला, मी घराची भिंत झालो होतो. एक बाई म्हणाली, मला कोणीतरी धुतलेल्या कपड्यासारखी घडी घातली. एकाला काहीच दिसले नाही, तो नुसता घाबरून रडला. हे सगळे कास्तुलाने माझ्याशी बोलताना सांगितलेले. मला स्वतःला काही माहीत नाही. पान तुटले की त्याची बातमी माझ्याकडे परत येत नाही.

लोक तिला कोको, मेणबत्त्या आणि अंडी आणून देत, आणि माझे नाव घेताना आवाज खाली आणत. ते दिवस चांगले होते, असे आता म्हणता येते.

कास्तुलाचा मुलगा देल्फिनो उत्तरेकडे, सीमेपलीकडच्या शहरात, छपरे घालायच्या कामावर गेला. त्याच्याबरोबर शेजारच्या इलारियाचा आन्सेल्मो गेला. आन्सेल्मोच्या बारशाला कास्तुलानेच त्याला मांडीवर घेतले होते, म्हणून त्या दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत. तीन वर्षे मुलांचा पत्ता नव्हता. मग एक दिवस गावच्या दुकानातल्या फोनवर देल्फिनोचा आवाज आला. एका मित्राला झोप लागत नाही, थोडी पाने पाठव, असे तो म्हणाला. कास्तुला त्या दिवशी धावत आली. कोणाचे नाव न घेता तिने भराभरा पाने खुडली, वाळवली, आणि उत्तरेला निघालेल्या एका गावकऱ्याबरोबर कॉफीच्या पुडीतून पाठवली.

तिकडे ती पाने कोणी चावली नाहीत. चिलमीत भरून ओढली. चावलेले पान हळूहळू चढते, मित्रांनो. धूर एका श्वासात माणसाला उचलून नेतो, आणि आपण कुठे उभे आहोत हे त्याला कळत नाही. रविवारची दुपार होती. आन्सेल्मो तिसऱ्या मजल्याच्या सज्जात उभा राहिला आणि समोर वाट असल्यासारखा चालत गेला.

काही देशांत मी परसातली साधी वनस्पती आहे. काही ठिकाणी मात्र माझे सुकलेले पान खिशात सापडले तरी बेड्या पडतात. ते शहर तसल्या ठिकाणी होते. देल्फिनोने काही महिने तुरुंगात काढले, मग त्याला परत धाडले. आन्सेल्मो त्याच्याआधी शवपेटीतून आला होता.

कास्तुला कोयता घेऊन माझ्यापाशी आली. बसली. कोयता मांडीवर तसाच राहिला. तिचे डोळे कोरडे होते. संध्याकाळी ती उठून गेली, आणि त्यानंतर दोन वर्षे आली नाही.

त्या दोन वर्षांत कोणी कॉफीची झुडपे तोडली. माझ्यावर ऊन पडू लागले. पानांना किडीने भोके पाडली, ओढ्यात गाळ साचला. मला वाईट वाटले का? आठवत नाही. वाटणे म्हणजे काय, तेच मी विसरले होते.

मग एका सकाळी इलारिया आली. हातात कुदळ होती. देल्फिनोने तिला वाट दाखवली होती, तो मागे उभा होता. परतल्यापासून तो कोणाशी बोलत नसे, मक्याची कणसे सोलत पायरीवर बसून असे. थोड्या वेळाने कास्तुला दम खात पोहोचली.

इलारियाने विचारले, “उपटू?”

“उपट,” कास्तुला म्हणाली.

तिला कुदळ लागलीच नाही. माझी मुळे वरवरची असतात. तिने पाच-सहा रोपे उपटून उन्हात फेकली आणि थांबली.

“काहीच वाटत नाही गं,” ती म्हणाली. “मला वाटलं होतं, काहीतरी वाटेल.”

मग तिने कास्तुलाकडे पाहिले.

“देताना तू सगळ्यांना विचारतेस, कोणासाठी म्हणून. तेव्हा का नाही विचारलंस?”

“पोराचा आवाज तीन वर्षांनी ऐकला, कोमाद्रे. विचारायचं राहिलं.”

तेव्हा देल्फिनो बोलला. खाली बघत, जड आवाजात.

“विचारलं असतं तरी मी खोटंच सांगितलं असतं. कोणी आजारी नव्हतं, मावशी. आम्हाला नुसतं बघायचं होतं. मी त्याच्या शेजारी बसणार होतो. जेवण गरम करायला आत गेलो.”

इलारिया त्याच्याकडे वळली. “काय होतं जेवायला?” तिने विचारले.

“घेवडा. त्यालाच भूक लागली होती.”

ती मान हलवत राहिली. माफ केले असे ती म्हणाली नाही, आणि शिव्याही दिल्या नाहीत. कुदळ तिथेच टाकून ती वाटेला लागली. बाकीच्या रोपांना तिने हात लावला नाही. का, ते मला ठाऊक नाही. कदाचित ती नुसती दमली होती.

त्यानंतर देल्फिनो अधूनमधून येतो. त्याने माझ्या डोक्यावर डहाळ्या-पाल्याचा मांडव घातला आहे, ओढ्यातला गाळ काढला आहे. पाठीवर पिशव्या घेतलेले परदेशी लोक माझा पत्ता विचारत गावात येतात, तेव्हा तो त्यांना सरळ सांगतो, इथे काही नाही, परत जा. कास्तुला आता कोणालाच पाने देत नाही. माझी पाने पिकतात आणि पाण्यात गळतात.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. ओली माती मिळाली की माझे भागते. जपायचे ते माणसाला. देणाऱ्याने विचारावे, घेणाऱ्याने खरे सांगावे. आणि ज्याच्या शेजारी बसायचे कबूल केले, तो भानावर येईपर्यंत तिथून उठू नये. जेवण थंड झाले तर होऊ द्यावे.