पुठ्ठ्याआडची अंगठी

मी एक जुना प्रोजेक्टर आहे. 'अय्या, किती गोड!' असे म्हणू नका, मित्रांनो. मी गोड नाही. चालू असताना माझ्या दिव्याला हात लावला असतात तर फोड आला असता.

परदेशातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पुण्यात मला एका फिल्म क्लबने विकत घेतले. क्लबचे चिटणीस माधवराव हे निवृत्त प्राध्यापक. शनिवारी संध्याकाळी शाळेच्या सभागृहात मी सिनेमा दाखवायचा आणि उरलेला आठवडा माधवरावांच्या कपाटात काढायचा, असे माझे आयुष्य होते. मला चालवायचे ते स्वतःच. क्लबात मुलाबाळांसह कुटुंबे येत, म्हणून चुंबनाचे दृश्य आले की माधवराव माझ्या भिंगासमोर पुठ्ठा धरत. संगीत थांबले की पुठ्ठा काढत. त्या वेळी ते स्वतःही मान खाली घालत. माझ्यातून काय जात आहे हे तेवढा वेळ फक्त मला कळायचे.

मी सांगतो ती गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची. तेव्हा पुण्यात दर दुसऱ्या जिन्यावर संगणक क्लासची पाटी लागली होती आणि चांगला प्रोग्रामर दिसला की त्याला अमेरिकेला पाठवत होते. माधवरावांची मुलगी स्पृहा अशाच एका कंपनीत होती. तिच्याच कंपनीतला दिग्विजय मूळचा वाशीमचा. दोघांना लग्न करायचे होते आणि महिन्याभरात त्याला अमेरिकेला जायचे होते. माधवराव घरी म्हणाले, "आधी क्लबात येऊ दे. माणूस सिनेमावर काय बोलतो त्यावरून घराणं कळतं."

क्लबची प्रथाच तशी होती. नव्या उमेदवाराने सिनेमानंतर सर्वांत आधी बोलायचे. मग जुने सभासद त्याला घ्यायचे की नाही ते ठरवणार.

सिनेमा माधवरावांनीच निवडला. एका जाड कादंबरीवरून केलेला, जुना, कृष्णधवल. गिरणीतला गरीब कारकून मालकाच्या मुलीच्या प्रेमात पडतो. शेवटी त्याचे प्रेत नदीतून काढतात, तेव्हा त्याच्या मुठीत मुलीची अंगठी सापडते. गाव म्हणते, चोर होता. मुलगी गप्प राहते. माधवरावांचा हा आवडता सिनेमा. क्लबात तो अनेकदा झाला होता आणि कारकून लबाड होता, यावर सभासदांचे एकमत होते.

दिवे लागले. दिग्विजय उभा राहिला.

"सर, मला वाटते त्याने अंगठी चोरली नसावी. तो तसा वाटून नाही राहिला."

"वाटून नाही राहिला!" मागून कोणीतरी हळूच म्हणाले. खुर्च्यांवर हसू पसरले.

"आपण पडद्यावर दिसतं त्याबद्दल बोलतो इथे," माधवराव म्हणाले. "वाशीमकडे सिनेमा डोळे मिटून बघतात का?"

आता सगळे मोकळेपणाने हसले. दिग्विजयही हसला. त्याने हसायला नको होते.

स्पृहा पुढच्या रांगेतून उठली. "बाबा, नदीकाठी तुम्ही पुठ्ठा धरला होता. तेव्हा काय झालं ते आपल्यापैकी कोणीच पाहिलेलं नाही."

"चुंबन झालं. आणखी काय होणार?"

"मग पाहू या."

"कुटुंबं बसली आहेत, स्पृहा."

"मीही कुटुंबच आहे," तिची आई वासंतीबाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातला पुठ्ठा काढून घेतला आणि त्यावर बसल्या. "लाव गं."

स्पृहाने माझ्यातली फिल्म उलटी फिरवली, मग सुलटी. पडद्यावर नदी आली. मुलीने कारकुनाचे चुंबन घेतले. मग तिने बोटातली अंगठी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती परत केली. तिने पुन्हा दिली आणि त्याची मूठ स्वतःच्या हातांनी मिटली. संगीत थांबले.

इतकी वर्षे चोर ठरवलेला माणूस निर्दोष निघाला होता.

माधवरावांनी चष्मा पुसला. "बरं. म्हणजे मुलीनंच अक्कल गहाण टाकली होती. तरी कारकून तो कारकूनच."

"दिग्विजय," स्पृहा म्हणाली, "आता तू बोल."

मित्रांनो, तेव्हा तो काहीही बोलला असता तरी चालले असते. अडखळला असता तरी चालले असते. त्याने हात जोडले.

"सर, तुमचंच बरोबर आहे. स्पृहा जरा इमोशनल आहे. तिचं मनावर घेऊ नका. ते... माझ्या मेंबरशिपचं तेवढं बघा."

स्पृहाने माझा दिवा बंद केला, फिल्म डब्यात घातली आणि झाकण दाबून बसवले. "मिळेल तुला," म्हणाली आणि आईला घेऊन निघून गेली.

त्याला एकमताने घेतले. 'नम्र आहेत,' असा शेराही मिळाला. पुढच्या रविवारी तो पेढे घेऊन घरी आला. मी कपाटात होतो. माधवराव म्हणाले, "मुलगा मला पसंत आहे."

"मग तुम्हीच करा त्याच्याशी," स्पृहा म्हणाली.

दिग्विजय एकटाच अमेरिकेला गेला. स्पृहाने बदली मागून बंगळूर गाठले. क्लबने व्हिडिओ प्रोजेक्टर घेतला आणि मला बुधवार पेठेतल्या एका दुकानात विकले. तिथे बिघडलेल्या पंख्यांखाली मी बरीच वर्षे पडून होतो. मग परदेशातून परतलेल्या एका गृहस्थांनी मला उचलले. दिग्विजयच तो. आता मी वारज्यात, त्याच्या नव्या फ्लॅटच्या दिवाणखान्यात काचेच्या टेबलावर असतो. त्याची बायको मला रोज पुसते. वास्तुशांतीला माधवराव पाहुणे होते. ते माझ्याकडे न बघता श्रीखंड खात राहिले.

"चालतो का हो हा?" कोणीतरी विचारले.

"लावून नाही पाहिला कधी," दिग्विजय म्हणाला. "फार खडखड करतो. सोसायटीतले लोक नावं ठेवतील."

मित्रांनो, मला फडक्याने पुसणे म्हणजे जपणे नव्हे. माझ्यात फिल्म घाला, नाहीतर भंगारवाल्याला हाक मारा. जे आपल्याला आवडते त्याच्यासाठी चारचौघांत थोडा वाईटपणा घ्यायची तयारी नसेल, तर ते घरात आणू नये.