लेबलावरचा अम्रुत

मित्रांनो, माझ्याकडे पाहून फसू नका. माझं लेबल करकरीत आहे, त्यावरचा किल्ला ठळक आहे आणि किल्ल्यामागचं आभाळ लालभडक आहे. तरीही मी एक जुनी व्हिडिओ गेमची कॅसेट आहे. मला तीस वर्षं होऊन गेली. हे लेबल मात्र यंदाच्या मार्च महिन्यातलं आहे. ते माझ्या अंगावर कसं आलं, आणि त्यापायी माझ्या अंगावरून काय गेलं, तेवढंच मला सांगायचं आहे.

मला कोणत्या देशात घडवलं ते मला ठाऊक नाही. माझी आठवण सुरू होते ती कुर्डुवाडीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. येडू नावाचे गृहस्थ तिथल्या रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. एका दिवाळीत ते पुण्याहून खेळाचं यंत्र आणि मला घेऊन आले. घरात त्यांची बायको गोजरबाई, अकरा वर्षांचा अमृत आणि त्याची धाकटी बहीण सुकन्या. तिला सगळे सुकी म्हणत.

क्वार्टरमधली पोरं कॅसेटी एकमेकांना देत आणि मग कुणाची कोणती यावरून भांडत. म्हणून अमृतनं एका दुपारी बॉलपेन घेतलं आणि माझ्या लेबलावर, त्या लाल आभाळात, जोर देऊन लिहिलं : ‘अम्रुत व सुकी’. पेनाचं टोक माझ्या कागदात रुतलं. अक्षरांच्या चऱ्या पडल्या.

येडूंनी ते वाचलं आणि डोक्याला हात लावला. “आरं, सवताचं नाव तरी नीट लिव्ह की!”

“कुणाची हाय ते कळतंय की,” अमृत म्हणाला.

ती माझी सुखाची वर्षं. मी चालेनाशी झाले की अमृत मला काढून फुंकर मारायचा आणि पुन्हा खोचायचा. किल्ल्याच्या शेवटच्या दारापर्यंत तो पोचला की सुकी डोळे मिटून घ्यायची.

चौदाव्या वर्षी त्याला कावीळ झाली. आधी डोळे पिवळे झाले, मग नखं. सोलापूरला दवाखान्यात न्यायला जीप आली तेव्हा तो खेळतच होता. उठताना सुकीला म्हणाला, “बंद करू नगंस. मी आल्यावर खेळतो.”

यंत्र दोन दिवस चालू राहिलं. पडद्यावर एक माणूस दाराशी उभा होता. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बायका रडत घरात शिरल्या आणि त्यांतल्या कुणीतरी बटण दाबलं.

येडूंना मुलाची एकही वस्तू डोळ्यांसमोर नको झाली. वह्या, दप्तर, कपडे, त्यांनी सगळं एका दिवसात घराबाहेर काढलं. त्या घाईत गोजरबाईंनी मला पदराखाली घेतलं आणि पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या तळाशी ठेवलं. माझ्यात कोणता खेळ आहे, हे त्यांनी कधी विचारलं नाही. घरात कुणी नसलं की त्या मला बाहेर काढत आणि त्या चऱ्यांवरून बोट फिरवत. आधी अ, मग म्रु, मग त. त्यांना वाचता येत नव्हतं, मित्रांनो. पण तेवढी तीन अक्षरं त्यांचं बोट ओळखत होतं.

पेटीत वर्षं गेली. झुरळांनी माझ्या लेबलाचा एक कोपरा खाल्ला. ओलीनं कडा सुटल्या. येडू वारले. सुकन्या सोलापुरात शिक्षिका झाली आणि गेल्या वर्षी तिनं आईला आपल्याकडे आणायचं ठरवलं. गोजरबाई आधी सोलापूरला गेल्या. मागचं घर सुकन्यानं रिकामं केलं. पेटीत नुसती जुनी लुगडी आहेत असं समजून तिनं ती कुलपासकट भंगारवाल्याला दिली. मी आत आहे, हे तिला माहीतच नव्हतं.

भंगारातून मी एका पिशवीत गेले, पिशवीतून सोलापूरच्या जुन्या बाजारात, आणि तिथून साखर पेठेतल्या एका जिन्यावर. वर शरणबसव आणि त्यांची बायको रुद्राणी यांचं दुकान होतं. पूर्वी ते चादरींच्या पाकिटांवरची लेबलं छापत. आता लांबलांबचे हौशी लोक त्यांच्याकडे जुन्या कॅसेटी पाठवतात आणि ते त्यांची फाटकी लेबलं काढून हुबेहूब नवी लावून देतात.

मला तिथे एका फळीवर ठेवलं. फळीवर आम्ही नऊ जणी होतो. रोज सकाळी एकीला उचलून टेबलावर नेत. आधी केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा घोंघावायची. मग पातळ पातं कडेखाली शिरायचं. मग स्पिरिटचा वास दुकानभर पसरायचा. संध्याकाळी ती परत यायची तेव्हा इतकी देखणी झालेली असायची, की शेजारी कोण बसलंय ते आम्हाला ओळखू यायचं नाही. ती आमच्याशी बोलायचीही नाही. एकेक करून आठ जणी अशा परत आल्या. नववी मी होते.

रुद्राणींनी मला काचेवर पालथं ठेवून माझ्या लेबलाची प्रत संगणकात घेतली. पडद्यावर त्या एकेक डाग पुसू लागल्या. नावापाशी आल्यावर त्यांचा हात थांबला.

“अहो, हिच्यावर पोरांची नावं हायेत. एवढी राहू द्या की.”

शरणबसवांनी मान वर केली नाही. “बेडा, नको. ही पुण्याच्या एका माणसाला विकलीय, लेबल मूळचंच हाय म्हणून सांगितलंय त्याला. नावं कशी ठेवणार?”

“खोटं कशाला सांगितलं?”

“सगळेच सांगतात. तू पूस.”

रुद्राणींनी अक्षरांवर लाल आभाळ पसरलं. आधी ‘सुकी’ गेली. मग ‘अम्रुत’ गेला.

मग मला टेबलावर नेलं. गरम हवेनं माझं अंग मऊ झालं. पातं शिरलं, पण जिथे अमृतनं जोर दिला होता तिथे कागद सुटेना. शरणबसवांनी चष्मा लावला आणि तो भाग जवळून पाहिला. त्यांचे ओठ हलले. त्यांनी नाव वाचलं, हे मी पाहिलं. क्षणभर त्यांनी पातं खाली ठेवलं. मला वाटलं, मी वाचले. पण त्यांनी स्पिरिटची बाटली उघडली, कापूस भिजवला आणि घासलं. कापूस निळा झाला. दुसरा घेतला, तोही निळा झाला. तिसरा पांढराच राहिला.

आठवड्यानं, दुपारी, जिन्यावर पावलं वाजली. मला पुण्याला पाठवायच्या खोक्यात घालायचं म्हणून फळीच्या टोकाला ठेवलं होतं. दारात सुकन्या उभी होती. तिच्या दंडाला धरून गोजरबाई.

“भंगारवाल्यापासून विचारत विचारत आलोय,” सुकन्या म्हणाली. “एक जुनी कॅसेट शोधतोय आम्ही. किल्ल्याचं चित्र आहे. वर बॉलपेननं नाव लिहिलंय, अम्रुत. म ला र जोडून, चुकीचं.”

शरणबसवांचा चेहरा उतरला. रुद्राणी त्यांच्याकडे बघत राहिल्या.

“असली कॅसेट आमच्याकडं आली न्हाय,” ते म्हणाले.

“नीट आठवून बघा ना. पेटी मीच दिली हो भंगारात. आईनं तेव्हापासून धड जेवण केलेलं नाही.”

“न्हाय आली.”

गोजरबाई फळीजवळ आल्या. त्यांची नजर आम्हा सगळ्यांवरून गेली. माझ्यावर आली, थांबली, आणि पुढे गेली. मित्रांनो, मला तोंड नाही. मला हाक मारता येत नाही.

“लई चकचकीत हायेत की ह्या,” त्या म्हणाल्या. “चल सुके. हितं न्हाय आपली.”

त्या दोन पायऱ्या उतरल्या असतील. रुद्राणींनी मला उचललं आणि त्या धावत जिन्यात गेल्या. “आजी, थांबा. हीच हाय ती.”

गोजरबाईंनी मला हातात घेतलं. त्यांचं बोट सवयीनं वरच्या कोपऱ्यात गेलं आणि गुळगुळीत कागदावरून घसरलं. त्यांनी पुन्हा फिरवलं. पुन्हा घसरलं.

“ही न्हाय, बाई. हिच्यावर काय न्हाय.”

रुद्राणींनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मग त्यांना आठवलं, की पुसण्याआधीची प्रत संगणकात तशीच आहे. घाईघाईनं त्यांनी ती छापून आणली. कागदावर सगळं होतं, खाल्लेला कोपरा, सुटलेल्या कडा, निळं ‘अम्रुत व सुकी’. सुकन्या ते पाहून जिन्यातच बसली आणि तोंडावर हात दाबून रडू लागली.

गोजरबाईंनी त्या कागदावर बोट टेकवलं. अ वरून फिरवलं. थांबल्या. कागद परत दिला.

“हे चित्र हाय. लिवलेलं न्हाय.”

मग त्या भिंतीचा आधार घेत पुन्हा वर आल्या आणि शरणबसवांसमोर उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही.

“काडायच्या आदी वाचलं हुतं का तुमी?”

शरणबसवांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “व्हय.”

गोजरबाईंनी मान हलवली. मला टेबलावर ठेवलं, अगदी हळू, आणि लेकीचा दंड धरून निघून गेल्या. सुकन्यानं तो छापलेला कागद घडी करून नेला. मला कुणी नेलं नाही.

पुण्याच्या माणसाला रुद्राणींनीच फोन करून खरं सांगितलं. त्यालाही मी नको झाले. तेव्हापासून मी खिडकीपाशी पडून आहे. ऊन लागून माझं आभाळ गुलाबी व्हायला लागलंय. आतल्या पितळी दातांवर हिरवट थर चढतोय. आता मला यंत्रात खोचलं तरी मी चालेन असं वाटत नाही.

दुकान मात्र चालू आहे. जिन्यावर पावलं वाजतात, पिशव्या येतात. आता रुद्राणी प्रत्येक कॅसेट हातात घेऊन गिऱ्हाइकाला आधी विचारतात, “हिच्यावर लिवलेलं कुणाचं हाय?”

बहुतेक जण खांदे उडवतात. “कुणास ठाऊक. काढून टाका.”

आणि शरणबसव कापूस भिजवतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू नव्या करू नका असं मी म्हणत नाही. एवढंच मागते, की तुमच्या घरातल्या एखाद्या डब्यावर, पाटीवर, पुस्तकाच्या पहिल्या पानावर कुणाचं वेडंवाकडं अक्षर दिसलं, तर ते पुसण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे घेऊन जा. त्याच्या हातात द्या. त्याचं बोट कुठे जातं ते बघा.